आवाज बंद करून

रात्री साडेअकराला माझी बायको भुतं बघायला बसते,
आवाज बंद करून.
मला तीनला उठून बर्फ ढकलायचा ट्रक काढायचा असतो.
ईरी सरोवरावरून वारा सुटला
की आमच्याकडे बर्फ पडत नाही, ओतला जातो.

कूस बदलताना दिसतं :
दाराच्या फटीतून निळा उजेड
पांघरुणावर चढतो, उतरतो.
तिकडे कुणीतरी मरत असणार, बिनबोभाट,
आणि व्हर्ना वहीत लिहीत असणार :
मिनिट एकोणचाळीस, पहिलं दार.

किंचाळणाऱ्या बाईकडे ती बघतच नाही.
बाईच्या मागच्या खुंटीवरचा कोट बघते.
मघाशी त्याची दोन बटणं लावलेली होती, आता तीन.
"चूक झाली असेल त्यांची," मी म्हणतो.
"झाली असेल," ती म्हणते,
आणि फीत मागे नेते. पुन्हा. पुन्हा.
नवे सिनेमे तिला आवडत नाहीत,
त्यांत रक्त फार आणि जिने कमी.

दिवसा ती दातांच्या डॉक्टरकडे असते,
लोकांच्या आ वासलेल्या तोंडात दिवा धरते.
घाबरलेला माणूस डोळे मिटत नाही, म्हणते,
छताकडे बघतो, फरशा मोजतो.
हेही वहीत आहे.

चौदा प्रकाशकांनी नाही म्हटलंय.
चौदाही पत्रं पावाच्या डब्यात,
त्यामुळे आमचा पाव ओट्यावर उघडा असतो.
एकाने लिहिलं होतं, भीती फार उशिरा येते.
ती खदखदून हसली, मग बराच वेळ भांडी घासत राहिली,
घासून झालेलीसुद्धा.

बक्षीसबिक्षीस नको तिला.
पीच स्ट्रीटवरच्या औषधांच्या दुकानात
ती गोल फिरणारी जाळी आहे ना,
खोकल्याच्या बाटल्यांशेजारी,
तिथे एक खण हवा.
वर तिचं नाव, उठावाच्या अक्षरांत,
वीज गेली तरी अंगठ्याने वाचता येईल असं.
कधी कधी टेबलावर साखर सांडून
ती बोटाने ते लिहून बघते.
मी साखर पुसत नाही.

गेल्या मंगळवारी तिने पंधरावं पाकीट माझ्याकडे दिलं.
पोस्ट आठला उघडतं.
चर्चच्या मागे ट्रक उभा केला, हीटर चालू ठेवला,
आणि एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं :
चिकटपट्टी सोडवली.

सातव्या प्रकरणात एक माणूस आहे.
रोज पहाटे कामावरून येतो,
पायरीवर बूट आपटतो, तीनदा,
मग कुलूप उघडतो.
वर अंथरुणात बायको मोजते. तीन झाले की झोपते.
एका पहाटे ती मोजते :
चार.

मी पान उलटलं नाही.
बाहेर काचेवर बर्फ साचत होता,
एवढा बर्फ ढकलतो मी जन्मभर,
पण त्या काचेकडे बघवेना.
पाकीट नीट चिकटवलं. आठ वाजता तिकिटं लावून टाकलं.
खिडकीतल्या बाईने विचारलं, आत काही नाजूक आहे का?
मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो.

व्हर्नाला सांगितलं नाही.
तिला कळलं असेलही,
जिला कोटाची बटणं कळतात.

आज वादळात गावात दोनदा फिरलो.
घरी आलो तर खिडकी अजून निळी.
पायरीवर उभा राहिलो. एक. दोन. तीन.
चौथ्यासाठी पाय आपोआप उचलला गेला,
बुटात बर्फ होता, बाकी काही नाही,
आणि आत, त्या आवाज बंद केलेल्या घरात,
पेन्सिल थांबल्याचं मला स्वच्छ ऐकू आलं.