घोडियाघर

बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या पाटीवर
मोठ्या गुजराती अक्षरांत घोडियाघर,
खाली बारीक मराठीत: पाळणाघर, वेळ आठ ते सहा.
बारीक अक्षर कुणी वाचत नाही.
इंद्रनील जगतापला तर वाचताच येत नव्हतं,
अडीच वर्षांचा.
त्यानं नुसतं ऐकलं,
आणि दप्तर पाठीवर ठेवूनच दोन्ही खोल्या हिंडला,
मोरीतसुद्धा डोकावला.
"घोडे कुठेयत?"

नाहीत म्हटल्यावर जो रडायला लागला
तो गुरुवारपर्यंत.

एकोणीस वर्षं झाली मला यात.
पहिल्या वर्षी मीही म्हणायचे, आई आत्ता येईल हं.
पोरं त्या 'आत्ता'कडे बघत बसायची,
दाराच्या कडीकडे बघावं तशी.
मग झील नावाच्या एका मुलीनं
संध्याकाळी आईच्या कडेवरून, नाक पुसत,
मला सरळ सांगितलं,
"तमे खोटुं बोलो छो."
तेव्हापासून 'आत्ता' या घरात बंद.

आमच्याकडे फरशा आहेत.
जेवणं उरकली की पश्चिमेच्या खिडकीतून
गजांची सावली आत उतरते.
पहिल्या फरशीवर आली, झोपायचं.
दुसरीवर दूध, खारी.
तिसरीचा कोपरा तुटलाय,
त्याला सावली शिवली की आया यायला लागतात.
सगळ्यांच्या नाही. हेतची आई मकरपुऱ्याला कामाला,
दोन शटल रिक्षा बदलून येते.
तिची चौथी फरशी.

मंगळवारी इंद्रनील हेतच्या दंडाला चावला.
मी शांत राहिले असं लिहायला आवडलं असतं.
ओरडले. मग खाली बसले,
फडक्यात बर्फ बांधला नि इंद्रनीलच्याच हातात दिला:
तू धर, दुखतंय तिथे.
त्यानं धरला.
पाणी कोपरावरून ठिबकत राहिलं
आणि दोघंही ते ठिबकणं बघत बसले,
दंड कुणाचा हे विसरून.

शुक्रवारी झैनब झोपेना. सात महिन्यांची,
सागाच्या घोडियात, झोळीत, पाय आपटत.
मी दोरी इंद्रनीलच्या मुठीत दिली.
म्हटलं, हा एवढा एकच घोडा आहे आमच्याकडे.
पळवायचा नाही. वर माणूस बसलंय.
त्यानं लगाम धरला.
आधी जरा दुडकी चाल,
मग कुणीही न सांगता
हळू.
आणखी हळू.
झैनब झोपली, तोही झोपला बसल्या बसल्या,
दोरी सोडली नाही.
त्यानंतर रोज दारातूनच विचारायचा,
"घोड्यानं खाल्लं का?"

पौषात एक दिवस मळभ आलं ते हललंच नाही.
दूध झालं, खारी झाली, सावली नाही.
मुलं फरशांभोवती उभी,
स्टँडवर बस न आल्यासारखी.
हेतचा ओठ खाली यायला लागला.
मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात
इंद्रनील पाटीजवळचा खडू घेऊन आला
आणि तिसऱ्या फरशीवर गज काढले,
सहा, वाकडे, एक तर पार कोपऱ्याबाहेर.
मग थांबला. हेतकडे बघितलं.
सगळे गज ओढून ओढून
चौथीपर्यंत नेले.

आया आल्या, गजांवर पाय देऊन
आपापली पोरं घेऊन गेल्या.
खडू चपलांना लागून गल्लीभर गेला.
इंद्रनीलही गेला.

सव्वासहा. पावणेसात.
हेतच्या आईचा फोन लागत नव्हता.
हेत चौथ्या फरशीवर बसलेला.
चौथीच्या पुढे फरशी नाही, भिंत आहे.
त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
एकोणीस वर्षं, आणि मला पुढचं ठाऊक नव्हतं.
गुडघा धरत उठले, खडू घेतला,
सावली भिंतीवर चढवली,
वीतभर. मग अजून वीतभर.
तो म्हणाला, "वांकुं छे."
म्हटलं, असू दे.

सात वाजून दहा मिनिटांनी ती आली,
ओढणीला ऑइलचा वास, बोलायला श्वास नाही.
हेत उठला, तिचं बोट धरून
आधी तिला भिंत दाखवली,
कुठून कुठपर्यंत.
रडला त्यानंतर.