पाळकीणबाई

ऐरोलीत दवाखान्यावरच्या हॉलमध्ये
आमची मंडळी भरते.
एकतीस वर्षं जिन्यावरच मला कळायचं मी कोण ते.
सलाम पाळकसाहेब, म्हणून
हात आधी त्यांच्या हातात,
मग तोच हात, जरा सैल, माझ्याकडे:
सलाम पाळकीणबाई.
लग्नपत्रिका, किराण्याची उधारी,
दवाखान्यातला केसपेपरसुद्धा त्याच नावावर.

ते गेले. शब्द माझ्याकडे राहिला
त्यांच्या पांढऱ्या झग्यासारखा.
घालता येत नाही,
देऊन टाकवत नाही.

आता बिशपांनी पाठवल्यात सुवार्ताबाई.
वय चौतीस, आवाज खणखणीत.
पहिल्याच रविवारी मागून कोणीतरी हाक मारली,
"पाळकीणबाई!"
आम्ही दोघीही वळलो.

मग पंच कमिटी बसली.
दोनदा चहा झाला.
रणभिसे मास्तर म्हणाले, बाईंना पाळकसाहेबच म्हणा,
हुद्दा तो हुद्दा.
बरं, आणि बाईंच्या मिस्टरांना?
सगळे बिस्किटांकडे बघत बसले.

मिस्टर खाली स्कूटर लावत होते.
तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला,
रविवारीही अंगाला सफरचंदांचा वास.
मी सरळच विचारलं,
तुम्हाला काय म्हणायचं हो?

शांतवन, म्हणाले.
आणि तुम्हाला?

वर पेटीवर कोणी सूर शोधत होतं.
मी पर्स या हातातून त्या हातात घेतली.
रत्नप्रभा, म्हटलं,
आणि सांगूनच टाकलं
माहेरच्या आडनावासकट.