कडेचं प्यादं

ब्रिडलिंग्टनच्या धक्क्यावर नोव्हेंबरात
लॉब्स्टरचे रिकामे पिंजरे एकावर एक रचलेले असतात,
आणि जुन्या लाइफबोट हॉलच्या मागच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही नऊ जण.
चार पट, एक हीटर, एक बघ्या.

आज समोर फ्रेया ऑक्सटोबी. वय सोळा,
बापाची बोट आहे, स्वेटरला डिझेलचा वास.
पांढरे मोहरे तिचे.
वजिराचं प्यादं दोन घरं.
मी घोडा काढते.
त्याच्या शेजारचं, उंटाचं प्यादं दोन घरं.
मी घोड्याच्या घरापुढचं एक घर.

याला इथे इंडियन म्हणतात,
आणि सिग्सवर्थ दर मोसमात त्यावर तोच विनोद करतो.
त्याला ठाऊक नाही, माझं ते एक घर मिरजेचं आहे.
तंतकारांच्या गल्लीत, वाळत घातलेल्या भोपळ्यांमध्ये बसून
मोहसीनचाचा खेळायचे, तेव्हा प्यादं एकच घर चालायचं.
घाई कसली पोरी, पलीकडे तर जायचंच आहे.
आणि राजाला आख्ख्या डावात एकदा,
शह बसायच्या आत,
घोड्याची उडी मिळायची.

फ्रेयाची तिसरी चाल:
पार कडेचं, हत्तीपुढचं प्यादं. दोन घरं.

माझ्या वहीत, निळ्या शाईत, लीड्स, १९९१,
या चालीपुढे प्रश्नचिन्ह आहे.
शेजारी लिहिलंय, पोरकट.
तेव्हा आम्हा सगळ्यांचंच ते मत होतं.
आधी मध्य, आधी मोहरे, आधी किल्लेकोट;
कडेच्यांनी थांबावं.
आता यंत्रं रात्र रात्र स्वतःशीच खेळतात,
कुणी शिकवलेलं नाही म्हणून कुणाची भीड नाही,
आणि सकाळी सांगतात, ढकला कडेचं,
काळ्याचा राजा शेवटी तिकडेच जाणार आहे.
माझा जन्माचा बचाव दशांशात मोजून झालाय.
ज्या बलिदानावर मी दोन हिवाळे घातले
ते एका ओळीत निकालात.
आणि मध्यावर एकटं पडलेलं प्यादं,
ज्याला आम्ही आयुष्यभराचं दुखणं समजायचो,
ते म्हणे ठणठणीत आहे.

सगळं माहीत होतं.
तरी सहाव्या चालीला हात किल्लेकोटाकडे गेला.
कडेचं प्यादं येऊन धडकलं,
हत्तीपुढची गल्ली मोकळी झाली.
पंधराव्या चालीपर्यंत फ्रेया
पाढे म्हणावेत तशी खेळली.
सोळाव्याला थांबली.
मान वर करून खिडकीकडे पाहिलं. बाहेर भरती.
तिचं पाठांतर संपलं होतं, माझं कधीच.
ती अकरा मिनिटं आम्ही दोघी
एकाच पाण्यात होतो.
मग तिनं उंट देऊन टाकला,
आणि बरोबर होतं ते.

शह अजून बसला नव्हता.
राजापासून दोन घरं उजवीकडे, एक पुढे,
तेवढं एक घर सुरक्षित दिसत होतं.
उडीचं घर.
इथल्या नियमांत ती नाही, आणि असती तरी
माझी मी एकोणऐंशीतच मारून बसलेय,
उसन्या कोटात, हीथ्रोवर.

मी हात पुढे केला.

वही बघू? फ्रेया म्हणाली.
पानं उलटत राहिली. देवनागरी येत नाही तिला,
प्रश्नचिन्ह येतं.
हे काय लिहिलंय?
सांगितलं.
ती हसली नाही. मला ती बोटीवर सुचली असती
तर आवडलं असतं, म्हणाली. फोनवर दिसली.

शाई खोडता येत नाही.
प्रश्नचिन्हाशेजारी मी आजची तारीख घातली
आणि तिचं नाव, ऑक्सटोबी, जोडाक्षरासकट.

पुढच्या गुरुवारी पांढरे माझे.
वजिराचं प्यादं तर ढकलेनच.
एक घर की दोन, ते बघू.