निदान

बत्तीस वर्षं मी उदगीरच्या सरकारी दवाखान्यात
एक्स-रे काढले.
श्वास धरा. सोडा. झालं. पुढचा.
फिल्म ओली असतानाच दिसायचं मला
कुठं चीर आहे, कुठं डाग.
पण सांगायचं नाही, असा नियम.
"कसं आहे ओ?" पेशंट विचारायचा.
"डॉक्टर सांगतील," मी म्हणायचो
आणि दिवा बंद करायचो.

आता गच्चीवर, तडकलेल्या वॉशबेसिनमध्ये
मी तीन अळकुड्या पुरल्यात,
आणि डॉक्टर कुणीच नाही.

पंचमीनंतर पानांच्या कडा करपल्या,
तपकिरी, कुरकुरीत,
तव्यावर विसरलेल्या पापडासारख्या.
भिंतीपलीकडून मालनबाई म्हणाल्या, "पाणी कमी पडायलंय."
त्यांचा जावई म्हणाला, "पाणी लई व्हायलंय."
खताच्या दुकानातल्या पोरानं
मोबाइलवरची मान न उचलता
पांढऱ्या भुकटीची पुडी दिली. दीडशे रुपये.
बायको, सरस्वती, नुसती म्हणाली,
"कालिंदावन्सं आल्या होत्या ना वर, बघायला?"

पुडी फोडली नाही मी.
आधी फोटो, मग औषध, ही सवय.
एक पान देठासकट तोडून
उन्हाकडं धरलं.
मधली शीर मणक्यासारखी सरळ,
फासळ्या दोन्हीकडं शाबूत,
आणि जागोजाग आरपार आभाळ.
हात आपसूक कोपऱ्यात लिहायला गेला :
नाव, अळू. वय, अडीच महिने.
स्त्री की पुरुष, तिथं अडलो.

भोकं होती, पण अळी नव्हती,
अळीची लेंडीही नव्हती.
होती फक्त पानावरून गेलेली एक रेघ,
वाळलेली, चकचकीत.
रात्री अकराला टॉर्च घेऊन गेलो
तर बेसिनच्या मोरीच्या भोकातून
एकेक जण निवांत बाहेर निघायलेला,
घर पाठीवर, शिंगं वर,
सात गोगलगाई.
मी खाली जाऊन मूठभर मीठ आणलं.

तेच मीठ मुठीत, आणि टॉर्चच्या उजेडात
बेसिनच्या काठावर, मातीवर
पांढरी खपली दिसली.
बोट लावून चाटलं.
खारट.

मग तसाच उभा राहिलो किती तरी वेळ.
आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात
पाणी टाकून देणं बरं दिसत नाही.
फिल्टरच्या मशीनमधून जे वाया जातं
ते मी बादलीत धरायचो, रोज,
आणि मोठ्या मायेनं इथं आणून ओतायचो.
गोड तेवढं आम्ही प्यायचो.
बोअरचा सगळा खार या तीन अळकुड्यांच्या घशात.
अळवावर पाणी ठरत नाही म्हणतात.
मुळाशी ठरतं की.

मूठ उघडून मीठ कुठं टाकावं, ते सुचेना.
खिशात घातलं.
गोगलगाई डब्यात भरून सकाळी
रेल्वे फाटकापलीकडं सोडून आलो.
(मालनबाईंना हे सांगितलेलं नाही.)

आता टाकीवरच्या पत्र्याचं पावसाचं पाणी घालतो.
जुन्या कडा तशाच आहेत, जळलेलं परत हिरवं होत नाही.
नवं पान मात्र मधून सुरळी करून वर आलंय, कोरं.
सगळ्यात खालचं एक पिवळं पडलं
तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला.
उन्हाकडं धरलं. भोक नाही, खार नाही.
जिन्यातून सरस्वतीनं विचारलं, "कसं आहे ओ?"
तोंडात आलंच होतं : डॉक्टर...
"म्हातारं झालंय," म्हणालो. "बाकी काही नाही."
ती वर आली, कात्रीनं करपलेल्या कडा कापल्या,
भोकांची पानं पदरात घेतली.
"भोकाला काय चव असतीय," म्हणाली.
रात्री फतफतं होतं, चिंच जरा जास्त.

एका पानावर तांबूस ठिपके आहेत, मोहरीएवढे,
शिरेच्या एकाच बाजूला.
ते कळत नाही मला.
जुन्या फिल्मच्या तपकिरी पाकिटात ठेवलंय ते,
वर तारीख घातलीय, नाव घातलंय,
आणि निदान असं छापलेल्या शब्दापुढं
जागा सोडलीय.