एक 'ओ' कमी

परीक्षा विभाग, खिडकी चार : नावातील दुरुस्ती.
सव्वीस वर्षं मी इथं वेलांट्या फिरवतोय,
ऱ्हस्वाचं दीर्घ करतोय, चलन भरून आणलं की.

आजऱ्याहून एकजण आला होता
पदवीनंतर एकोणीस वर्षांनी,
एका अनुस्वारासाठी.
आता कशाला, म्हटलं.
म्हणाला, घराच्या पाटीवर घालायचंय, डिग्रीसकट. बरोबर असूदे.

एक मुलगी. आईच्या नावाच्या रकान्यात 'लागू नाही'.
तिला तिथं 'द्वारका' हवं होतं.
पुरावा काय, मी विचारलं. विचारायचा नियमच आहे.
ती नुसती बघत राहिली जाळीतनं,
बाहेर गुलमोहराखाली एक मोर
कुणाचा तरी डबा उचकटत होता.

हे सगळं घरी आल्यावर वहीत उतरतं,
माणसांची नावं बदलून.
दिवसभर सुधारायची, रात्री बदलायची,
असा माझा धंदा.

वह्या अकरा झाल्या.
ऋजुता म्हणते, पप्पा, नेटवर टाका की,
कपाटात कोण वाचणार, झुरळं?

संगणक केंद्रातल्या सुहेल अत्तारला गाठलं.
विद्यापीठाचंच पान घ्या सर, फुकट आहे.
वर बोधचिन्ह, खाली तुम्ही.
एक अर्ज फक्त, योग्य त्या मार्गे कुलसचिवांकडे,
'सदर मजकुराशी विद्यापीठ सहमत असेलच असे नाही'
आणि रिटायर झालात की खातं बंद.
बंद म्हणजे?
पुसतात, सर. क्वार्टर सोडल्यावर चुना मारतात तसं.

दुसरी जागा एका परदेशी कंपनीची, तीही फुकट.
उघडून बघितली.
कुणीतरी आपल्या भावाच्या शेवटच्या आठवड्याबद्दल लिहिलेलं,
आणि बरोब्बर मधोमध
केसांच्या तेलाची बाटली नाचत होती.

तिसरी भाड्याची. वर्षाला अकराशे ऐंशी.
भाडं थकलं की जाते तीही,
पण निदान आपल्या विसराळूपणानं जाते.

रविवारी पहाटे गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
म्हैस समोर, धार समोर, पेल्याच्या वर चार बोटं फेस.
विचारलं, चौगुलेमामा, एवढी वर्षं इथं बसताय,
ही जागा कुणाची हो?
जागेचं काय म्हाईत न्हाई, म्हणाले,
म्हस माझी हाय.
आणि वळले दुसऱ्याचा पेला भरायला.

सोमवारी रात्री कार्ड काढलं.
पत्ता म्हणून आडनाव घातलं, मगदूम, शुद्ध स्पेलिंगचं.
लाल अक्षरात आलं : उपलब्ध नाही.
निपाणीच्या कुणा मगदूमांचं तंबाखूचं दुकान
आधीच त्यावर ऐसपैस बसलेलं.

तेव्हा आठवलं ते.
माझ्या स्वतःच्या बी.कॉम.च्या गुणपत्रिकेत
दोनातला एक 'ओ' गळालाय.
मगदूमचा मगदोम.
खिडकी माझी, शिक्का माझा,
चलनाची पावतीही मीच फाडणार,
अर्ज तेवढा केला नाही कधी.
लाज म्हणा. नाहीतर, रांगेत कुठं उभं राहायचं ते कळलं नाही म्हणा.

ते घातलं. हिरवी खूण आली.

सुहेल दुसऱ्या दिवशी म्हणाला, सर, स्पेलिंग चुकलंय तुमचं.
म्हटलं, माहितेय. रेकॉर्डला तसंच आहे.

पहिलं काय टाकायचं ते दोन रात्री ठरेना.
शेवटी त्या मुलीचं टाकलं.
आईचं नाव बदललं, माझ्याच नियमानं,
सुमन केलं, मग ताराबाई, मग नुसतं 'आई',
आणि झोपायला जाऊन परत उठलो,
चष्मा शोधला,
द्वारका लिहिलं.

पुरावा कुणी मागितला नाही.