पुढल्या वर्षी

एप्रिलात ल्यूचौ शहरभर कांचन फुलतो
आणि कांचन फुलला की वेई दाकांग शोरूममध्ये येतो.
त्याला फुलं दिसत नाहीत.
पाकळ्या बुटाखाली ओल्या लागतात, त्यावरून महिना ओळखतो.

काठी दाराशी टेकवतो.
सगळ्यात स्वस्त गाडी कुठे उभी असते, त्याला ठाऊक आहे:
कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी,
दोन दारांची, लिंबाच्या रंगाची,
शिलाईयंत्राच्या पेटीला चाकं लावावीत तशी.
रंग विचारत नाही. किंमतही नाही, ती त्याला पाठ आहे.
विचारतो एवढंच,
"शिऊयान, ही आपली आपण चालायला लागली का?"

मी सांगते, पुढल्या वर्षी.
गेल्या वर्षी हेच सांगितलं होतं.
त्याच्या आदल्या वर्षी तर तारीखसुद्धा दिली होती.

मग समजावते: पलीकडची मोठी गाडी बरंच स्वतः करते,
तिच्या कपाळावर लेसरचा डोळा आहे,
किंमत हिच्या चौपट,
आणि तिच्याही चाकामागे माणूस लागतो,
जागा, डोळस, परवाना असलेला.
"म्हणजे डोळे विकत घेतले," तो म्हणतो,
"तरी वर आणखी डोळे."

तो मालिश करतो, नदीकाठच्या गल्लीत,
खालून गोगलगायीच्या रश्श्याचा वास चढतो त्या जिन्यावर.
गिऱ्हाईक बहुतेक टॅक्सीवाले.
"गाडी चालवणं म्हणजे काय ते मला सांगू नकोस.
एक खांदा दुसऱ्याहून बोटभर खाली.
कमरेत, तिसऱ्या मणक्यापाशी, दगड.
आणि ज्याच्या गाडीखाली कुणी येता येता वाचलं
त्याची मान पुढे महिनाभर
ब्रेक दाबत राहते."

मी विचारलं, वेईकाका, गाड्या आपल्या आपण चालल्या
तर हे लोक तुमच्याकडे कशाला येतील?
हसला.
"नाहीच येणार. मग मीच जाईन कुठेतरी.
एकसष्ट वर्षं दुसऱ्यांच्या सवडीनं जातोय.
लेकीकडे जायचं तर जावयाची सुट्टी बघायची.
एकदा रात्री अडीचला,
काहीही काम नसताना,
निघायचंय."

काल दुकान बंद झाल्यावर मी त्याला मोठ्या गाडीत बसवलं.
मी चाकावर हात नुसते टेकवले, कायद्यापुरते,
आणि पूल तिनंच ओलांडला.
तो दोन्ही तळवे समोर पसरून बसला होता,
नवं गिऱ्हाईक पालथं झोपल्यावर
आधी पाठ चाचपावी, तसा.
पुलाच्या उतारावर ती एकदम आखडली. थांबली.
मला दिसायच्या आत तिला दिसली होती
उसाची हातगाडी आणि तिच्या मागे वाकलेली बाई.

"कोण होतं?"
ऊसवाली.
"हं." तळवे तसेच.
"हिचा श्वास अडकला नाही. घाबरायच्या आधीच थांबली.
हिला पाठ नाही, तेव्हा गाठही पडायची नाही.
हे चांगलं की वाईट, मला ठरवता येईना."
बाई आम्हाला काहीतरी ओरडून पुढे गेली.
गाडीनं ते ऐकलं असेल का, कोण जाणे.

उतरताना काठी शोधणारा त्याचा हात
चुकून माझ्या मानेला लागला आणि तिथेच राहिला.
अंगठा फिरला. डाव्या कानाखाली, दोन बोटं.
"हे काय अडकवून ठेवलंस?"
दिवसभर उभी असते, मी म्हटलं.
"उभं राहून टाचा दुखतात.
ही सांगून सांगून झालेली गाठ आहे, पोरी."

आणि दाबली.
पुलावरचे दिवे पाण्यात विरघळले,
नदीच्या की माझ्या डोळ्यांतल्या, कळलं नाही.
काका, पुढल्या वर्षी, मी सुरुवात केली.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "सैल सोड."