साडेसहा इंच

पारोळ्यात पंच व्हायला कुणी तयार नसतं.
माझं दुकान गल्लीच्या तोंडाशी,
म्हणून हवालदार देवरे मलाच हाक मारतात.
या वेळी म्हणाले, मास्तर, टेप घेऊन या.

इंदूबाई भावसार सोमवारी दिवेलागणीला एरंडोलला गेल्या,
बुधवारी सकाळी परतल्या.
कुलूप जागेवर. मागच्या खिडकीचा गज वाकलेला.
कुलूप शाबूत, मग घरफोडी कशी? मी विचारलं.
देवरे शाळेत शिकवावं तसं बोलले:
येण्याजाण्याची जी वाट नव्हे
तिथून शिरलं, की घर फुटलं.
अख्खा माणूस आत जायला हवा असं नाही,
मनगट पुरतं.
आणि दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत केलं, तर शिक्षा वाढते.

मधे दोन रात्री होत्या आणि एक दिवस.
त्यांनी रात्र लिहिली.

पोत, तीन ग्रॅमची. रोख तेवीसशे.
पितळी तांब्या, जुना वापरता.
इंदूबाई आतून म्हणाल्या,
"पीठना डब्बामा बी हात घालेल शे."
कळण्याच्या पिठात पाच बोटं, बारकी.
देवरेंनी डोकावून पाहिलं, यादीत घेतलं नाही.
ते पीठ बाईंनी गाईला घातलं.

मग मी गजांमधलं अंतर मोजलं.
साडेसहा, म्हणालो, आणि जीभ चावली.
चोवीस वर्षं गणवेश शिवतोय मी.
साडेसहा इंचातून मोठं माणूस जात नाही.
चोवीस छातीचं पोर जातं, आडवं केलं तर,
कुणी कमरेला धरून वर उचललं तर.

मंगळवारी दुकान उघडताना
एक निळा शर्ट आला होता माझ्याकडे.
बाही काखेपासून उसवलेली, कडेला गंज.
पोरगं म्हणालं, बाभळीत अडकलो.
बाभळीचा गंज मी पहिल्यांदाच पाहत होतो.
टाके घातले. पैसे घेतले नाहीत.

रात्र देवरेंनी बरोबरच लिहिली होती.

शर्टाचं कुणी विचारलं नाही.
वरील मजकूर वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे.
होताच. सही केली, चहा घेतला.

परवा त्याची आई त्याला घेऊन आली,
पुढच्या वर्षाचं माप द्यायला.
हात वर कर म्हटलं, तर दोन्ही केले त्याने,
देवरेंसमोर करतात तसे.
छाती, मी लिहिलं, सव्वीस.
पोर वाढलं होतं
की टेप मीच सैल धरली,
खरं व बरोबर सांगता येत नाही.